मित्रकिडींचा शिधा

‘आमच्या शेतातल्या वांग्यांवर विष मारत नाहीत’ हे वाक्य मी गेली काही वर्षं बरंच मिरवलं आहे. ब्रह्माघाटावरच्या गणेशोत्सवात, चैत्रातल्या हळदीकुंकवात, पुण्याहून काशीयात्रेला आलेल्या पाहुण्यांना भरीत वाढताना. वाक्य खरं होतं. तरी संध्याकाळी बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर एकटी बसले की ते मलाच खटकू लागतं. खोटं बोलल्याची टोचणी मला ओळखता येते. ही वेगळी आहे. दुसऱ्याच्या खिशातून दान करून आपल्या नावाची पाटी लावावी, तसं काहीसं आपण करतो आहोत असं वाटत राहतं. आज समोर ना पाहुणे, ना श्रोते. तेव्हा हे वाक्य एकदा नीट तपासून घ्यावं म्हणते.

आधी मी कोण, ते सांगते. बालाजी घाट पेशव्यांच्या नावाशी जोडलेला. इथून पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाटापर्यंतच्या गल्ल्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. आमचं त्यातलंच एक. ज्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ पोरवयात सनईचा रियाज करत, त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. वडिलांनी गंगापार, रामनगरच्या पुढे थोडी जमीन घेऊन ठेवली होती, ती माझ्या वाट्याला आली. एक कुटुंब ती अधियावर कसतं. बी-खताचा खर्च निम्मा-निम्मा, कष्ट सगळे त्यांचे, माल निम्मा-निम्मा. हिवाळ्यात तिथे रामनगरचा भंटा होतो, म्हणजे ते भलंमोठं, गोल, पांढुरक्या हिरव्या सालीचं वांगं. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बनारसी माणूस त्याचा बाटीबरोबर चोखा करतो. आम्ही चातुर्मासभर वांगं वर्ज्य करून चंपाषष्ठीला खंडोबाला त्याच्या भरिताचा नैवेद्य दाखवतो.

वांग्याचा मुख्य वैरी म्हणजे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. पांढऱ्या पंखांवर तपकिरी-गुलाबी डाग असलेली तिची मादी रात्री पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि काही तासांत कोवळ्या शेंड्यात नाहीतर फळात शिरते. आत गेली की मागचं भोक विष्ठेनं बुजवते. शेंडा मान टाकतो, तेवढी एकच खूण. फळाचं तर अळी आत असेपर्यंत बाहेरून सहसा काही कळत नाही. वांगं तुकतुकीत दिसतं, सुरी घातली की आत काळपट बोगदे आणि त्यांत गुलाबीसर अळी. तिथे तिला कुठलंच फवारलेलं औषध पोचत नाही. अंड्यातून निघून फळात शिरेपर्यंतचे तेवढे तासच ती हाती लागू शकते, आणि ते तास कोणते हे शेतकऱ्याला कळण्याची सोय नाही. म्हणून तो फवारतच राहतो. भर हंगामात आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. एका औषधानं भागेना म्हणून दोन-तीन एकत्र कालवून. संध्याकाळी फवारायचं आणि पहाटे तोडून सट्टीत, म्हणजे भाजीबाजारात, न्यायचं, असंही होतं. औषधाच्या डबीवर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पण तोडणीला आलेला भंटा तेवढे दिवस थांबत नाही, आणि सावकारही नाही.

याच अळीसाठी जालन्याच्या महिकोनं बीटी वांगं तयार केलं होतं. ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीनं त्याला हिरवा कंदील दिला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशभर जनसुनावण्या घेऊन ते थांबवलं. शेजारच्या बांगलादेशानं २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली. आपण थांबलो ते बरोबर की चूक, हा वाद मोठा आहे. तो मला इथे घालायचा नाही, कारण त्या वादात माझं जात काहीच नाही.

मी फवारणी बंद करायला सांगितली ती अधियादाराला फवारताना पाहून. पाठीला टाकी, तोंडाला गमछा, पाय अनवाणी, आणि वाऱ्याची दिशा बदलली की सगळा फवारा त्याच्याच अंगावर. त्या संध्याकाळी त्याच्या बायकोनं सांगितलं की फवारणीच्या दिवशी हे जेवत नाहीत, डोळे चुरचुरतात, मळमळतं. यवतमाळमध्ये २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्या बातम्या मी इथे काशीत बसून वाचल्या होत्या. मी तिथल्या तिथे म्हटलं, पुरे झालं हे. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, ‘जी, बहनजी.’

जमीन ज्याची त्यानं सांगितलं आणि कसणाऱ्यानं ‘जी’ म्हटलं, याला संमती म्हणत नाहीत. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण ते ‘जी’ मला सोयीचं होतं.

उपाय मी हवेतून सुचवला नव्हता. वाराणसीजवळ जखिनीला भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे, इकडे तिला सगळे ‘सब्जी अनुसंधान’ म्हणतात. वांग्यासाठी तिथले शास्त्रज्ञ जो मार्ग सांगतात तो असा: वाळलेले शेंडे वरचेवर खुडून नष्ट करायचे, नर पतंगांसाठी कामगंध सापळे लावायचे, आणि सरसकट फवारणी थांबवायची. या तिसऱ्यावर सगळा डोलारा उभा आहे. कारण विष अळीपर्यंत पोचत नाही, पण अळीच्या शत्रूंना मात्र ते आधी मारतं. अळी फळाच्या आत सुरक्षित, आणि तिला शोधत पानापानांवर हिंडणारे कीटक उघड्यावर. ट्राथाला नावाचा एक सडपातळ, गांधीलमाशीच्या गोत्रातला कीटक आहे. पोखरलेल्या शेंड्यात लपलेली अळी तो बाहेरून हुडकतो, लांब सुईसारख्या अवयवानं तिच्या अंगात अंडं सोडतो, आणि पुढे त्याचं पिल्लू अळीला खाऊन वाढतं. आपण आठवड्याला फवारत राहिलो, तर हा कामगार शेतात टिकतच नाही.

दुसरा ट्रायकोग्रामा. तो अळीपर्यंत थांबत नाही, पतंगाचं अंडंच गाठतो. याची कार्डं मिळतात. तांदळावरच्या पतंगाची वीसेक हजार अंडी एका कार्डावर डिंकानं चिकटवलेली असतात आणि त्यांत ट्रायकोग्रामाच्या माद्यांनी आपली अंडी आधीच घालून ठेवलेली असतात. आतला जीव वाढू लागला की ती अंडी काळी पडतात. कार्ड आखलेल्या रेषांवर कापायचं, पट्ट्या पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या, तेही ऊन उतरल्यावर. नाहीतर बनारसचं ऊन कार्ड भाजून काढतं, किंवा मुंग्या सगळं लुटून नेतात. एकदा मी शाळेतलं जुनं भिंग घेऊन त्या पट्टीवर नजर रोखून बसले होते. काळ्या अंड्याला एक गोल भोक पडलं आणि लाल डोळ्यांचा, अर्ध्या मिलिमीटरहून मोठा नसेल असा एक जीव बाहेर आला, पंख झटकून पानाच्या कडेनं चालू लागला. जन्मभर जीवशास्त्र शिकवूनही मी हे पहिल्यांदाच पाहत होते. शेजारी उभ्या अधियादारानं भिंगातून पाहिलं आणि विचारलं, ‘हा किती दिवसांत काम सुरू करतो?’

त्याचा प्रश्न माझ्या आनंदापेक्षा शहाणा होता. विष थांबलं म्हणून दुसऱ्या दिवशी शेत सावरत नाही. आधी कीड वाढते, मग तिच्यावर जगणारे वाढतात. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले: दोन वक्ररेषा, भक्ष्याची आधी वर जाते, भक्षकाची मागून. परीक्षेत हमखास येणारी आकृती. त्या दोन रेषांमधल्या फटीत एका कुटुंबाचा अख्खा हंगाम जाऊ शकतो, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही, कारण ते मला दिसलंच नव्हतं. ते दिसलं पहिल्या हिवाळ्यात, टोपल्यांत. निवडून बाजूला काढलेल्या किडक्या भंट्यांचा ढीग चांगल्या भंट्यांच्या ढिगाच्या बरोबरीनं वाढत होता. अधियादार त्या ढिगाकडे पाहून त्याच्या बनारसी बोलीत जे म्हणाला, त्याचा मतलब असा: किडा तुमच्या निम्म्यातलंही खातो आणि माझ्या निम्म्यातलंही, पण तुमच्या निम्म्यावर तुमचं घर चालत नाही.

मला पेन्शन आहे. माझं निम्मं म्हणजे घरी वाटायची वांगी आणि वर चार पैसे. त्याचं निम्मं म्हणजे मुलीची फी, म्हशीची पेंड, मागच्या वर्षीच्या उसनवारीचा हप्ता. कागदावर वाटणी बरोबरीची आहे. नुकसान बरोबरीचं कधीच नव्हतं.

यातली खरी मेख अशी की जैविक नियंत्रणात कीड पूर्ण संपवायची नसतेच. अळी उरली नाही तर तिच्यावर जगणारा ट्राथालाही उरत नाही, आणि पुढच्या वेळी पतंग बाहेरून उडत आला की शेतात राखणीला कोणी नसतं. थोडी कीड कायम राहू द्यावी लागते, मित्रकिडींच्या पोटासाठी. काशीत अहिल्याबाईंनी आणि कितीतरी मराठी सरदारांनी अन्नछत्रं घातली. हेही एक अन्नछत्रच. फरक इतकाच की त्या छत्रांचा शिधा घालणाऱ्याच्या कोठारातून यायचा. माझ्या छत्राचा शिधा अधियादाराच्या घरातून जात होता, आणि अन्नदात्री म्हणून नाव माझं होत होतं. वाक्य खटकत होतं ते इथे.

आता दुसरी तपासणी. पाहुण्यांपुढे मी आणखी एक गोष्ट सूचित करत असे, शब्दांत नाही पण सुरात: की हा मार्ग दयेचा आहे, जीव न मारण्याचा आहे. काशीत हे बोलायला सोपं जातं, ऐकणाऱ्याला पटतंही. पण ते खरं आहे का?

एकनाथ महाराजांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची आपली टीका याच काशीत पूर्ण केली, शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ साली. त्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांतला एक म्हणजे अळीला घरट्यात कोंडणारी भिंगुरटी. भयानं का होईना, अळी तिचंच अखंड ध्यान करते आणि शेवटी तीच होऊन बाहेर पडते, असा तो दृष्टांत. कीर्तनात मी तो लहानपणापासून ऐकला आहे. अध्यात्मासाठी त्याहून चपखल उदाहरण मिळणार नाही. पण जीवशास्त्राच्या बाईंना माहीत आहे की घरट्यात काय चालतं. भिंगुरटी अळीला डंखानं लुळी करते, मारत नाही. कारण मेलेली अळी कुजेल आणि पिल्लाला ताजं अन्न मिळणार नाही. मग तिच्यावर अंडं घालून घरटं लिंपून टाकते. बाहेर पडते ती अळी नसते, अळीला जिवंतपणी खाऊन वाढलेली भिंगुरटीची संतती असते. चार्ल्स डार्विनलाही हेच छळत होतं. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना १८६० साली लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलं की दयाळू, सर्वशक्तिमान ईश्वरानं जिवंत अळ्यांची शरीरं आतून खाणारे असे कीटक मुद्दाम निर्माण केले असतील, हे मनाला पटवून घेणं त्याला जमत नाही.

ट्राथाला त्याच गोत्रातला आहे. अळीच्या बाजूनं पाहिलं तर फवारणीचं मरण लवकरचं, हे मरण सावकाशीचं. तेव्हा अळीवर दया म्हणून मी हा मार्ग धरला, असं मी कोणापुढेही म्हणू नये. आपल्या हातून मारण्याऐवजी दुसऱ्याच्या तोंडून मारवलं, म्हणून हिंसा कमी होत नाही. या मार्गाची बाजू घ्यायला कारणं भरपूर आहेत, आणि ती सगळी अळीच्या बाहेरची आहेत: टाकी पाठीला लावणाऱ्याची फुप्फुसं, फुलांवर येणाऱ्या मधमाश्या, पावसात शेतातून वाहत गंगेला मिळणारं पाणी, भरीत खाणारी आमची नातवंडं. तेवढीच सांगावीत. दयेचा मुलामा चढवला की माझं बोलणं गोड होतं आणि खरेपणा उणा होतो.

मी हे का केलं, तेही एकदा स्वतःशी कबूल करायला हवं. अधियादाराच्या प्रकृतीची काळजी होती, ती खोटी नाही. गंगेची होती, ती थोडी. आपल्या ताटात विष नको, ही त्याहून जास्त. आणि चारचौघांत सांगायला काहीतरी चांगलं असावं ही हौस, ती किती होती याचा आकडा मला काढता येत नाही, पण ती तळाला नव्हती.

मग हे सगळं सोडून द्यावं आणि परत टाकी पाठीला लावू द्यावी? तसंही नाही. हा मार्ग जिथे फळाला आला, तिथले अनुभव मला काही शिकवतात. २००८ साली कोइमतूरच्या परिसरात पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण दिसला. मूळचा मेक्सिकोकडचा, इकडे त्याला शत्रू नाही, म्हणून तो बेफाम पसरला. पुण्याकडच्या पपईतही पोचला. पांढऱ्या मेणचट थराखाली असल्यानं औषधं त्याच्यावर धड लागत नव्हती. बागा उपटून टाकायची वेळ आली. २०१० मध्ये बंगळुरूच्या कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं पोर्तो रिकोहून तीन जातींचे परोपजीवी कीटक आणले, विलग्नवासात तपासले, वाढवले आणि शेतांत सोडले. त्यांतल्या असेरोफॅगस पपाये या इवल्याशा कीटकानं पुढच्या काही महिन्यांत त्या ढेकणाला आटोक्यात आणलं. आपल्या सांगलीकडच्या लोकांना २००२ सालचा उसावरचा लोकरी मावा आठवत असेल. फवारण्यांनी तो हटेना. डिफा आणि मायक्रोमस हे त्याचे भक्षक शेतांत वाढले, साखर कारखान्यांनी आणि संशोधन संस्थांनी ते वाढवून वाटले, तेव्हा मावा ओसरला.

या दोन्ही कथांत मी आजवर कीटकांकडे पाहून टाळ्या वाजवत आले. आता पाहते ती खर्चाची बाजू. परदेशातून कीटक आणण्याचा, तपासण्याचा, वाढवण्याचा भार सार्वजनिक संस्थांनी आणि कारखान्यांनी उचलला. एकट्या अल्पभूधारकाला कोणी सांगितलं नाही की तुझ्या शेतात आधी नुकसान सोस, मग निसर्ग बघून घेईल. जिथे मधल्या काळाचा भार अनेक खांद्यांवर वाटला गेला, तिथे शेतकऱ्यालाही धीर धरणं परवडलं.

आणि हा मार्ग धरताना घाई आणि आगाऊपणा किती महाग पडतो, तेही नोंदवून ठेवावं. उसावरचे भुंगेरे खातील म्हणून १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हवाईहून बेडूक आणून सोडले. त्यांनी भुंगेरे सोडून बाकी सगळं खाल्लं, आणि त्यांच्या विषारी कातडीपायी तिथले कितीतरी स्थानिक प्राणी आजही मरतात. म्हणूनच परका कीटक आणायला परवानगी लागते, चाचण्या लागतात. ‘नैसर्गिक’ आहे म्हणून निर्धोक, असं समीकरण विज्ञानात नाही. घरगुती बोलण्यातही ते नसावं.

उरतो सट्टीचा प्रश्न, आणि तिथे तर मी थेट आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. आमच्या गल्ल्यांतल्या सगळ्या बायकांप्रमाणे मीही वांगी घेताना एकेक उचलून, देठाशी फिरवून, भोक आहे का ते पाहून घेते. भोक दिसलं की परत ढिगात. भाजीवाली काही बोलत नाही, पण अशी परत टाकलेली वांगी दुपारी उतरत्या भावात जातात किंवा गाईपुढे पडतात. तिला हे माहीत, व्यापाऱ्याला माहीत, म्हणून तो शेतकऱ्याला स्वच्छ मालाचाच भाव देतो, आणि शेतकरी स्वच्छ मालासाठी संध्याकाळी टाकी भरतो. माझ्या बोटांनी देठाशी केलेली ती तपासणी थेट कोणाच्या तरी छातीपर्यंत पोचते. एका बाजूला घाटावर विषाविरुद्ध बोलायचं आणि दुसऱ्या बाजूला सट्टीत निष्कलंक भंटाच मागायचा, हे दोन्ही मी केलं आहे, पुष्कळदा एकाच दिवशी. गंमत म्हणजे पोखरलेल्या वांग्याचं बहुतेक काही बिघडत नाही. भरितासाठी भाजण्याआधी ते मधोमध चिरावं, बोगद्याचा भाग काढून टाकावा, उरलेलं निखाऱ्यावर ठेवावं. चव तीच. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात वांगं चिरून पाहिल्याशिवाय विस्तवावर जातच नव्हतं, कारण तेव्हा भोक असणं ही नेहमीची गोष्ट होती.

तेव्हा माझ्यापुरता निवाडा असा. आमच्यात बोलणं होऊन यंदा अधियाची अट बदलली. मागच्या हंगामांच्या सरासरीइतकं त्याचं निम्मं पक्कं. कमी पडलं तर ते माझ्या निम्म्यातून जाईल. किडका माल माझ्या वाट्याला धरायचा, त्याच्या नाही. कार्डांचा आणि कामगंध सापळ्यांचा खर्च माझा. आणि कीड हाताबाहेर चालली असं त्याला वाटलं, तर फवारणी करायची की नाही हे तो ठरवेल. हातमोजे, तोंडाला नीट मास्क आणि तोडणीआधीचे दिवस पाळून. हे शेवटचं मान्य करणं मला सगळ्यात जड गेलं, कारण त्यामुळे माझं ते आवडतं वाक्य मोडलं. या हिवाळ्यात त्यानं एकदा फवारलं. मी पाहुण्यांना ते सांगितलं. भरीत त्यांनी तरीही संपवलं.

मी सगळं नीट केलं असं मला म्हणायचं नाही. जमीन अजून माझ्या नावावर आहे, त्यामुळे त्याच्या ‘जी’चं वजन अजून पुरतं बदललेलं नाही. पुढच्या वर्षी किमतीच पडल्या तर ही अट मी पाळते की नाही, हे तेव्हाच कळेल. पण मित्रकिडींवर भाषण करण्याचा अधिकार कोणाला, एवढं मला आता कळलं आहे: त्यांच्या शिध्याचा खर्च जो देतो त्याला.

वाचणाऱ्यांनाही एवढंच सांगणं. तुमची शेती कोणी वाट्यानं कसत असेल आणि विष नको असं तुम्हाला वाटत असेल, तर नुकसानीची वाटणी आधी ठरवा, उपदेश मग करा. आणि शेती नसेल, तर पुढच्या वेळी बाजारात भोक पडलेलं वांगं परत ढिगात टाकू नका. पूर्ण भाव देऊन घ्या, घरी जाऊन चिरा, बिघडलेला भाग काढून टाका, बाकीचं खा.